दारातली विंडरमूर

तमाम मोटारमालकांना, मोटारमालक होऊ घातलेल्यांना आणि दुसऱ्याच्या मोटारीकडे बघत आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्या पादचाऱ्यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की मोटारींच्या जातपातीचे या देशातले शेवटचे धर्माधिकारी अंबरनाथला, आमच्या चाळीत, माझ्या शेजारच्या खोलीत राहत होते. त्यांच्याकडे मोटार नव्हती. पण धर्माधिकाऱ्याच्या घरी देव असावाच लागतो, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यांच्या घरची माणसं चांगली आहेत. गाड्यांचीही खरी नावं सांगणार नाही, कारण कंपन्यांची माणसं वकील पाठवतात. तेव्हा तीन नावं मीच ठेवतो; बारशाला मला कुणाची परवानगी लागत नाही. बोटीतून उतरणारी, लांब नाकाची, अबोल विलायती गाडी ती विंडरमूर. ढेरपोटी, चकचकीत, सदा दात विचकणारी अमेरिकन ती कॅलिडोर. आणि बिस्किटांच्या डब्याएवढी इटालियन ती पिकोला. एवढं ध्यानात ठेवलं की या गोष्टीतलं मोटारशास्त्र संपलं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. पलीकडे उल्हासनगरात लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये सिंध सोडून आलेल्या लोकांनी संसार आणि दुकान एकाच खोलीत मांडलं होतं. अंबरनाथला एकेक कारखान्याचा भोंगा वाढत होता. आमच्या आळीत नेमाने येणारं वाहन म्हणजे रॉकेलवाल्याची बैलगाडी. आणि अशा आळीत राहून हे गृहस्थ मुंबईच्या एका मराठी साप्ताहिकात ‘सारथी’ या टोपणनावाने दर आठवड्याला एका मोटारीचं परीक्षण लिहीत. कोणती गाडी घ्यावी, कोणती घेऊ नये, कोणती घेणाऱ्याच्या घरी मुलगी देऊ नये.

बाकी वेळ ते आमच्या कारखान्यात माल रवाना करणाऱ्या खात्याचे हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. म्हणून मी त्यांना साहेब म्हणायचो. ते मला ‘पिकोला’ म्हणायचे. माणसांना ते गाड्यांच्याच मापाने मोजत. आमचा कॅशियर कॅलिडोर. ‘आवाज फार, पल्ला कमी.’ मी पिकोला. ‘गुणी आहेस, पण तुझ्यात पाय पसरायला जागा नाही.’ स्वतःबद्दल ते काही बोलत नसत, पण सकाळी कोटाला ब्रश मारून, मान ताठ ठेवून, बाजूला न बघता ते चाळीच्या पायऱ्यांवरून उतरायला लागले की कोण उतरतंय हे वेगळं सांगावं लागत नसे.

खोलीत आरामखुर्चीवर पडून ते नुसत्या आवाजावरून गाडी ओळखत. लांब स्टेशनच्या रस्त्यावर हॉर्न वाजला की डोळे मिटलेलेच.

“कॅलिडोर. नवश्रीमंत.”

“कशावरून, साहेब?”

“दोनदा वाजवला. खानदानी गाडी एकदाच वाजवते आणि मग ओशाळते.”

त्यांची अशी वाक्यं मी घरी येऊन आईला म्हणून दाखवायचो. आई म्हणायची, “त्यांना म्हणावं, नळाला पाणी कधी येणार ते सांगा आवाजावरून.”

लेखणी मात्र होती हो त्यांच्या हाताला! ती नाकारून चालणार नाही. ‘विंडरमूरचं दार बंद होतं तेव्हा आवाज होत नाही, एक निर्णय होतो.’ ‘कॅलिडोर वळणावर झुकते, तशी सभेत हार घालून घेणारी माणसंही झुकतात.’ ‘पिकोला ही गाडी नव्हे, ती गाडी घेण्याची इच्छा आहे.’ बदलापूरपासून ठाण्यापर्यंत, ज्यांनी जन्मात चाकाला हात लावला नव्हता अशी माणसं ही वाक्यं एकमेकांना ऐकवत आणि त्यावर भांडत. कल्याणच्या एका खानावळीत विंडरमूर श्रेष्ठ की कॅलिडोर यावरून दोघांनी एकमेकांच्या अंगावर ताक फेकलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. दोघंही सायकलीवर घरी गेले. त्यातल्या एकाची सायकल उधारीची होती.

आता परीक्षणाची रीत ऐका.

मुंबईच्या एजंटाचा ड्रायव्हर संध्याकाळी गाडी घेऊन आमच्या आळीत यायचा, किल्ली साहेबांच्या हातात द्यायचा, वहिनींच्या, म्हणजे साहेबांच्या पत्नीच्या, हातचा चहा प्यायचा आणि स्टेशनची वाट धरायचा. गाडी कुठे उभी राहणार हे तिच्या कुळावर ठरे. पिकोला नळकोंडाळ्यापाशी, आळीकडे पाठ करून. कॅलिडोर दिव्याच्या खांबाखाली, ‘तिला तसंही उजेडाचं वेड.’ आणि विंडरमूर मात्र थेट दारात. दारात वहिनींची तुळस होती, डालड्याच्या मोठ्या डब्यात लावलेली. विंडरमूर यायची असली की तो डबा उचलून संडासाच्या भिंतीकडे ठेवला जाई. वहिनी स्वतः उचलत. एकदा माझी आई म्हणाली, “अहो, तुळशीला हलवतात का कुणी?” वहिनी म्हणाल्या, “तिला बिचारीला सवय झालीय,” आणि डबा कडेवर घेऊन चालू लागल्या. कमी बोलायच्या. बोलल्या की एवढंच.

मग सोहळा सुरू. साहेब हात-पाय धुऊन, धुतलेलं धोतर नेसून बाहेर येत. ताप बघावा तसा हाताचा उलटा पंजा बॉनेटवर ठेवत. मग दार उघडून चाकामागे बसत, डोळे मिटत आणि तास-तासभर तसेच बसून राहत. आळीतली पोरं भोवती जमून तोंडाने ‘भुर्र’ करत. साहेब डोळे न उघडता म्हणत, “विंडरमूर भुर्र करत नाही रे, गाढवांनो. ती काहीच करत नाही.” आणि खरंच ती काहीच करायची नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर येऊन तिला घेऊन जाईपर्यंत ती जागची हललेली आम्ही कधी पाहिली नाही.

“साहेब, चालवून नाही बघायची?” मी एकदा विचारलं.

“पिकोला,” ते म्हणाले, “घोड्याची पारख दात बघून होते. पळवून बघतो तो टांगेवाला.”

शनिवारी लेख यायचा तेव्हा मात्र त्यात गाडी खंडाळ्याचा घाट चढलेली असायची, नाशिकच्या रस्त्यावर पाऊस झेललेली असायची. आम्ही समजायचो, साहेब मुंबईला साप्ताहिकाच्या कचेरीत जातात तेव्हा तिकडेच कुठेतरी हाकून बघत असतील. मोठ्या माणसांच्या चालीरीती मोठ्या. आपण कशाला विचारायचं?

एका एजंटाने एकदा मिठाईची पेटी पाठवली होती. साहेबांनी सगळ्या चाळीदेखत ती ड्रायव्हरच्या हातात परत दिली. “सारथी विकाऊ नाही, असं सांग तुझ्या शेटला.” आम्ही थरारलो. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं, थोडं मिठाईसाठीही. पुढच्या खेपेला त्याच एजंटाने पेटी पाठवली नाही; विंडरमूर शनिवारी धाडली आणि सोमवारपर्यंत न्यायला माणूसच पाठवला नाही. रविवारी अख्खं अंबरनाथ देवळाकडे जाताना आमच्या आळीतून गेलं. साहेब दारात खुर्ची टाकून बसले होते, हातात वर्तमानपत्र, सकाळचंच, संध्याकाळपर्यंत. त्या आठवड्याचा लेख इतका गोड उतरला की वाचून दात शिवशिवले.

परीक्षक विकत घेता येतो की नाही, यावर लोक वाद घालतात. माझा अनुभव असा, की विकत घेण्याची गरजच पडत नाही. त्याच्या दारात थोडा वेळ उभं राहायचं असतं.

आणि चालत्या गाडीत साहेबांना कुणी ‘या, बसा’ म्हटलं, तर? तर ती गाडी नेमकी हलक्या कुळातली निघायची. चैत्रातल्या उन्हात आम्ही दोघं उल्हासनगरहून काही काम उरकून चालत येत होतो. मागून आमच्या मॅनेजरची कॅलिडोर आली, थांबली, दार उघडलं. आत पंखा होता. मॅनेजर म्हणाले, “या, सोडतो.” मी एक पाय आत टाकलाही होता.

“आभारी आहे,” साहेब म्हणाले. “आम्ही चालणंच पसंत करतो.”

‘आम्ही’! मी पाय बाहेर काढला. गाडी धूळ उडवत गेली. पुढे चिंचेच्या सावलीत मी थांबलो आणि म्हणालो, “साहेब, डोकं फुटायची वेळ आली.”

“फुटू दे. पण कॅलिडोरमधून उतरताना आपल्याला कुणी पाहिलं असतं, तर काय तोंड दाखवलं असतं?”

हे मी हसत सांगतोय, पण पुढचं हसण्यासारखं नाही. वहिनींचे वडील कल्याणला होते. भर दुपारी निरोप आला, शेवटची घटका आहे, ताबडतोब निघा. त्या मॅनेजरनेच माणुसकी दाखवून ड्रायव्हरसह गाडी चाळीच्या तोंडाशी पाठवली. वहिनी होत्या त्या लुगड्यानिशी धावत येऊन बसल्या. माझी आई सोबतीला बसली. साहेब गाडीपाशी आले, उघड्या दाराकडे बघत उभे राहिले. कपाळाला घाम.

“तू हो पुढे,” ते म्हणाले. “मी आगगाडीने येतो.”

आगगाडी मिळून ते पोचले तेव्हा मंडळी स्मशानातून परत येत होती. आळीने त्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही. “सासरा मरतोय आणि याला मोटारीची जात सुचते!” असं बायका नळावर उघड बोलत, वहिनींच्या कानावर जाईल अशा बेताने. वहिनी हंडा भरून घेत आणि जात. नवऱ्याला माजोरी म्हणू दिलं त्यांनी, पण एक शब्द काढला नाही.

आता डॉक्टर.

बदलापूरला एक तरुण डॉक्टर होते. दवाखाना गावात, पण अर्धे रोगी वांगणीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाड्यांवर. तिथे हे सायकलवरून जात. वाट संपली की सायकल खांद्यावर. ‘सारथी’चे निस्सीम भक्त. हा सारथी अंबरनाथला राहतो असं कुठूनतरी कळलं आणि एका रविवारी ते पत्ता विचारत, पेढे घेऊन, आमच्या चाळीत हजर झाले. साहेबांनी पेढे घेतले. भक्ताचे पेढे म्हणजे मिठाई नव्हे.

मला मुद्दाम बोलावणं आलं. साहेबांना असल्या प्रसंगी समोर थोडे प्रेक्षक लागत.

डॉक्टर खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “मला गाडी घ्यायचीय. वाड्यांवरनं बोलावणं येतं तेव्हा सायकलीला वेळ लागतो. उल्हासनगरात कॅम्प चारला लछमनदास म्हणून आहे. त्याच्याकडे लष्कराच्या लिलावातली एक जीप आहे.”

“जीप,” साहेब म्हणाले. डॉक्टर चपला घालून देवघरात शिरले असते तर ते एवढ्याच हळू आवाजात बोलले असते.

लछमनदासला मीही ओळखत होतो. तो बराकीच्या दारात जीपचे सुटे भाग, छत्र्यांच्या काड्या आणि पापड असं सगळं विकायचा, आणि तिन्हींचं सारखंच कौतुक करायचा. जीप दाखवताना तो डॉक्टरांना म्हणाला होता म्हणे, “साईं, शकल मत देखो. शकल मेरी भी ऐसीच है. लेकिन चढ जाएगी.”

“तो म्हणतो, कुठेही चढेल,” डॉक्टर म्हणाले.

“माकडही चढतं.” साहेबांनी पेढा मोडला. “डॉक्टर, तुम्ही जीपमधून उतरलात तर लोकांना वाटेल, जमिनीची मोजणी करायला आले. रोगी उठून पळेल. त्यात तो बरा झाला तर तुमचं नशीब.”

“पण वाडीवरच्या माणसांना काय कळतं हो, जीप काय नि विंडरमूर काय!”

“त्यांना नाही कळत. म्हणून तर तुम्हाला कळायला हवं. डॉक्टर आला याच्यात अर्धं औषध असतं की नाही? तो कशातून आला, यात उरलेलं.”

डॉक्टर हसले. मग जरा चाचरत म्हणाले, “अडचण ओढ्याची आहे. वांगणीकडे जाताना लागतो ना, तो. पाऊस संपला तरी गुडघाभर पाणी असतं.”

साहेब नुसते भिंतीवरच्या कपाटाकडे बघत राहिले, जिथे लेखांची कात्रणं होती. डॉक्टरांचा चेहरा एकदम उजळला. शाळेत कविता म्हणावी तसे ते म्हणायला लागले, “‘बदलापूर मागे टाकून वांगणीच्या वाटेवरचा तो प्रसिद्ध ओढा आम्ही विंडरमूरमधून ओलांडला. दुसऱ्या गिअरमध्ये ती पाण्यातून अशी गेली, की पाण्याला कळलंही नाही.’”

“पाठ आहे तुम्हाला,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता.

“मग घेऊ?”

“मी काय सांगणार? मी लिहून चुकलोय.”

चुलीपाशी बसलेल्या वहिनींनी मान वर केली आणि नवऱ्याकडे बघितलं. मग त्यांनी दूध उतरवलं.

दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी विंडरमूर घेतली. आधी कुणीतरी वापरलेली, पण नाक तेच, लांब, अबोल. ती दाखवायला ते आमच्या आळीत घेऊन आले. तुळशीचा डबा भिंतीकडे गेला. पोरांनी भुर्र केलं. डॉक्टरांनी डाव्या बाजूचं दार उघडून धरलं आणि वाकून म्हणाले, “गुरुवर्य, पहिली फेरी तुमच्याबरोबर. देवळापर्यंत जाऊन येऊ.”

साहेबांनी गाडीभोवती सावकाश प्रदक्षिणा घातली. उलटा पंजा बॉनेटवर ठेवला. मग म्हणाले, “नव्या मालकाशी गाडीची ओळख व्हायला वेळ लागतो. तोवर परक्याने बसू नये. विंडरमूरला ते खपत नाही.”

आम्ही माना डोलावल्या. काय बारकावा! डॉक्टरांनी तर ते पुढे स्वतःच लोकांना सांगायला सुरुवात केली आणि कित्येक दिवस गाडीत कुणाला बसू दिलं नाही.

मग ते घडलं. डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं ते आम्ही, साहेबांच्या खोलीत, एका रविवारी दुपारी. ते आगगाडीने आले होते. दाढी वाढलेली, पायांत चप्पल, कोट नाही. वहिनींनी न विचारता चहाचं आधण ठेवलं. मी उठून जायला लागलो तर साहेब म्हणाले, “बस, पिकोला.”

डॉक्टर भिंतीशी टेकून जमिनीवर बसले आणि सांगायला लागले.

वाडीवरून दोघं जण पळत आले होते. एक मुलगी अडली होती, पहिलटकरीण. त्यातला एक तिचा नवरा. सकाळची वेळ, लख्ख ऊन. डॉक्टरांनी दोघांना मागे बसवलं, पिशवी पुढे ठेवली आणि गाडी काढली. ओढ्यापर्यंत छान आले. नवरा मागच्या सीटला हात न लावता अंग चोरून बसला होता, मळेल म्हणून. ओढ्यात दुसऱ्या गिअरमध्ये घातली. अर्ध्यात गेली आणि बंद पडली. पाणी दारातून आत यायला लागलं.

“तो नवरा म्हणाला, ‘दागतर, उतर. पायी चल. मोटार कोन नेतं?’” डॉक्टर सांगत होते. “आणि मी म्हणालो, थांब, एकदा बघू. ती जायला पाहिजे होती, हो. ती जाते हे मला माहीत होतं. मी त्यांना ढकलायला लावलं. सुकी फडकी घेऊन इंजिन पुसलं. पुन्हा लावली. पुन्हा ढकलली. तो ढकलताना रडत होता. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय, एवढं जमलं की दोन मिनिटांत पलीकडे. सायकल असती तर खांद्यावर टाकून केव्हाच गेलो असतो. शेवटी तो पिशवी घेऊन एकटाच पळत सुटला तेव्हा मी त्याच्यामागे गेलो.”

त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले.

“पोचलो तेव्हा दोघंही गेली होती. मूल आधी, मग ती.”

बाहेर नळावर भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी खळखळून हसलं. साहेब खुर्चीत सरळ बसून होते. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या तोंडाकडे इतक्या आशेने बघितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, “मी दवाखाना बंद करतोय. पुण्याला भावाच्या औषधांच्या दुकानात बसेन. बाटल्या द्यायच्या, पैसे घ्यायचे. माझ्या हातात काही नाही, हे मला कळलं. जी गोष्ट दुसरा माणूस सहज करतो, ती मला वेळेवर करता येत नाही. असल्या हातांनी रोग्याला शिवू नये.” मग त्यांनी मान वर करून साहेबांकडे पाहिलं. “जायच्या आधी एवढंच विचारायला आलो. तुम्ही नेलीत तेव्हा दुसऱ्याच गिअरमध्ये होती?”

आता बघा. समोर एक माणूस आपलं आयुष्य गुंडाळून बसलेला. त्याला सोडवायला एक वाक्य पुरेसं होतं. आणि वाक्यांची काय कमी होती या घरात! भिंतीवरचं कपाट भरलेलं होतं.

साहेबांनी घसा साफ केला.

“दुसऱ्याच. अर्थात.”

“मीही दुसऱ्यातच ठेवली होती.”

“मग मध्येच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला असणार.”

“नाही काढला.”

“काढलाच असणार. लक्षात राहत नाही माणसाच्या. पाणी बघून पाय आपोआप वर येतो.”

“नाही हो. दाबून धरला होता.”

“डॉक्टर,” साहेब अगदी मायेने म्हणाले, त्याच आवाजात ज्या आवाजात ते मला पिकोला म्हणत, “विंडरमूर असं करत नाही.”

डॉक्टरांनी हळूहळू मान हलवली.

“असेल,” ते म्हणाले. “काढला असेन पाय. तिला मारली ती मीच, मग.”

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सांत्वनाचा! मी तो हात पाहिला आणि तोंड फिरवलं. त्यानंतरही ते सदर कित्येक वर्षं चाललं. घाट चढत राहिले, नद्या ओलांडत राहिले, लोक कात्रणं काढून पाकिटात जपत राहिले. एका नवरदेवाने तर लग्नाआधी सासऱ्याला ‘सारथी’चा लेख दाखवून गाडी बदलून मागितली. परीक्षण मरत नाही. ते ज्यांच्या जिवावर उठतं, ती माणसं मरतात.

पण ते नंतरचं. त्या दुपारी डॉक्टर उठले, दारापाशी जाऊन चपला शोधायला लागले. साहेब त्यांना समजावत होते, की पाय काढण्याची चूक भल्याभल्यांच्या हातून होते, पुण्याला गेल्यावर सराव ठेवा. तेवढ्यात चुलीजवळ काहीतरी जोरात आदळलं. वहिनी उभ्या होत्या. हातात कपबशीचा ट्रे, चहा सगळा बशीत सांडलेला. इतकी वर्षं त्यांचा आवाज दोन खोल्यांपलीकडे गेला नव्हता. त्या दिवशी तो पार नळापर्यंत गेला, कारण बाहेरची भांडी एकदम थांबली.

“कुठला गिअर आणि कुठला ओढा घेऊन बसलात, डॉक्टर! हे जन्मात चालत्या मोटारीत एकदाच बसले, आमच्या वरातीत, आणि वेशीपर्यंतसुद्धा पोचलो नाही, तर माझ्या शालूवर भडाभडा ओकले!”